सोलापूर ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि विमानाचे तास नक्की किती?

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. लेकीचं बाळंतपण मार्चअखेरीस आहे. ती एडिसनला असते, न्यू जर्सीत. मी आणि आमचे हे, दोघंही साठीच्या पुढचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघून ऑगस्टमध्ये परतायचं ठरवतोय. जावयांनी मुंबई-न्यूयॉर्क सरळ विमानाच्या वेळा पाठवल्या आणि घरात वादाला तोंड फुटलं.

जाताना मुंबई रात्री १:३०, न्यूयॉर्क सकाळी ७:३०, तारीख तीच.
येताना न्यूयॉर्क दुपारी १२:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०.

म्हणजे जायला सहा तास आणि यायला चोवीस? सहा तासांत तर आपली वंदे भारत सोलापूरहून व्हीटीलाही पोचत नाही! यांचं म्हणणं, "जाताना उतार असेल." जावई मात्र उलटंच सांगतात, जायला साडेसोळा आणि यायला साडेचौदा. नेटवर बघितलं तर एका साइटवर अंतर १२,५३० किमी, वेळ १४ तास. दुसऱ्या साइटवर अंतर तेच, वेळ साडेपंधरा तास. कुणाचं खरं धरायचं?

आणि सोलापुरातून निघायचं तर मुंबई गाठावी की हैदराबाद? मैत्रिणी हैदराबाद म्हणतात. माहीतगारांनी सांगा.

सातरस्ता
जावई बरोबर आहेत ताई. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ते सकाळी ७:३० म्हणतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. रात्री दीड ते संध्याकाळी सहा, झाले की साडेसोळा.

येतानाचं बघा. ऑगस्टमध्ये तिकडे उन्हाळी वेळ, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा. तिकडे दुपारचे साडेबारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा. रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा, साडेचौदा तास.

तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात (२०२६ मध्ये ८ मार्च). तुमची तारीख त्याच्या अलीकडची आहे की पलीकडची ते बघा. तेच विमान, तेवढेच तास, पण ८ नंतर गेलात तर उतरताना भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ दिसतील. जावयांना गाडी घेऊन यायचंय, त्यांना हे सांगून ठेवा.

हिप्परगा_तलाव
सगळ्यात मोठी फसगत रात्री दीडच्या तारखेची होते. तिकिटावर ५ मार्च, रात्री १:३० असेल तर विमानतळावर ४ मार्चच्या रात्री नऊ-दहालाच हजर पाहिजे. "पाच तारखेचं विमान आहे" म्हणून पाचला सोलापूर सोडणारे लोक असतात. विमान तोवर ग्रीनलंडच्या पुढे गेलेलं असतं.

कडक_भाकरी
सातरस्ता, समजलं! यांना कागदावर मांडून दाखवलं. आता म्हणतात, "मग जाताना चढ आहे म्हण की." हिप्परगा, बरं झालं सांगितलंत, आम्ही पाचलाच निघणार होतो बहुतेक.

पण अंतर एकच, मग जायला दोन तास जास्त का? आणि साइटवर चौदा आणि साडेपंधरा का?

नकाशाप्रेमी
साइटचं गुपित अगदी साधं आहे. ती विमान कंपनीला काही विचारत नाही. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घेते, पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत कमी अंतर काढते आणि ठरलेल्या वेगानं भागते. १२,५३० ला ताशी ९०० नं भागलं की चौदाच्या जवळ. ८०० नं भागलं की साडेपंधराच्या पुढे. यात ना वारा, ना वळसा, ना धावपट्टीवरची रांग. तो फक्त भागाकार आहे.

अंतराचा आकडा मात्र पक्का. त्यातली गंमत बघायची असेल तर शाळेतला ग्लोब घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात आपल्याला वाटतं विमान अरबस्तान, आफ्रिकेची वरची बाजू, मग अटलांटिक असं नाकासमोर पश्चिमेला जाईल. दोरा तसा बसतच नाही. मुंबईतून तो थेट वायव्येच्याही वर, जवळजवळ उत्तरेकडे निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचा लाब्राडोर, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. वाटेत ६५ अंश उत्तरेच्या जवळपास पोचतो.

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून जी सरळ रेघ येते त्या वाटेनं गेलात तर १४,२०० किमी भरतात. म्हणजे ती "सरळ" रेघ सोळा-सतराशे किमीनं लांब पडते. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरली की असं होतं.

हौस म्हणून सोलापूर विमानतळावरूनही मोजलं. होटगी रोड ते न्यूयॉर्क साधारण १२,८०० किमी.

बे_काय_बोलतो
एक शंका आहे, हसू नका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमानानं नुसतं वर जाऊन थांबायचं. खालून न्यूयॉर्क आपोआप येईल की बे! पश्चिमेला जायला वेळ कमीच लागायला पाहिजे, हे उलटं कसं?

सातरस्ता
@बे_काय_बोलतो, शंका चांगली आहे, लई लोकांना असते. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या डब्यात उभ्या उभ्या उडी मारून बघ. जिथून उडाला तिथंच उतरशील, मागच्या डब्यात नाही पडणार. कारण तू, डबा, डब्यातली हवा, सगळं एकाच वेगानं पळतंय. पृथ्वीचंही तसंच. हवा तिच्याबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदाही नाही, तोटाही नाही.

बे_काय_बोलतो
मग दोन तास गेले कुठं?

हवामान_हौशी
वाऱ्यात गेले.

आठ-नऊ किमीपासून बारा किमीपर्यंतच्या उंचीवर जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे हे वारे तयार होतात. हवा ध्रुवाकडे सरकताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते आणि वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहायला लागतो. (म्हणजे बे_काय, तुझी पृथ्वी फिरते ती इथं कामाला येते, आडवाटेनं.) वेग ताशी दीडशे-दोनशे किमी सहज असतो, कधी तीनशेच्या पुढे. हिवाळ्यात तापमानाचा फरक जास्त, म्हणून वारा जास्त.

विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरा. समोरून शंभरचा वारा असेल तर जमिनीवरून बघता ८०० नंच पुढे सरकतं, पाठीमागून असेल तर १,००० नं. सीटसमोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' म्हणून जो आकडा येतो तो हाच. काकूंनी जाताना आणि येताना तो बघावा, काकांचा चढ-उतार तिथं स्वच्छ दिसेल. काकांचं "जाताना चढ" हे वाऱ्याच्या हिशोबानं अगदीच चूक नाही.

दोन खरी उदाहरणं देतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ होतं. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी तिथं साडेसहा-सात तास लागतात. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या प्रवासी विमानाचा तो त्या मार्गावरचा विक्रम ठरला. इंजिन नेहमीचंच, मेहनत वाऱ्याची.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमी झालं आणि वेळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किमी जास्त आणि तरी लवकर! म्हणून मी कुणी "अमुक गाव किती किमी" विचारलं की आधी विचारतो, कोणत्या दिशेला आणि कोणत्या महिन्यात.

माळढोक
सुंदर प्रतिसाद, पण दोरा पाकिस्तानवरून जातो म्हणालात. ते आकाश तर आपल्या विमानांना बंद आहे ना?

नकाशाप्रेमी
हो. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद आहे. २०१९ मध्येही २७ फेब्रुवारी ते १६ जुलै असंच झालं होतं. परदेशी कंपन्यांना ही अडचण नाही. उलट रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, आपल्याला उघडं. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि तासही वेगळे लागतात.

दिल्लीहून निघणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. त्यांना आधी खाली समुद्राकडे यावं लागतं. मुंबई मुळात समुद्रावरच आहे. मस्कतवरून वळसा धरला तरी एकूण अंतर १२,९०० च्या आसपासच येतं, चारशेच किमी वाढ. पण पुढे इराण-इराकच्या बाजूला काही तणाव निघाला की वाट आणखी बदलते. २०२५ च्या जूनमध्ये तसं झालंच होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी विमानाची वेळ पुन्हा बघायची.

टॉवेलवाला
आमचा टॉवेलचा धंदा, त्यामुळे दर जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्सटील प्रदर्शनाला जाणं होतं. (सोलापुरातली सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि हे प्रदर्शन नेमके एकाच सुमारास. आई दरवर्षी बोलते, "सिद्धरामेश्वराच्या अक्षता सोडून जर्मनीला काय ठेवलंय?" ऑर्डरी ठेवल्यात गं आई.)

सरळ की थांबून, यावर माझं मत ऐका. मध्ये थांबलं की अंतर फार वाढतं हा गैरसमज आहे. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण ६,५७० आणि फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क ६,२००. बेरीज १२,७७०. सरळपेक्षा अडीचशे किमीच जास्त! लंडनवरून तर त्याहूनही कमी वाढतात. दोहावरून साधारण पाचशे. वाढतो तो थांब्याचा वेळ. उतरा, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसरं गेट शोधा, तिथं तीन-चार तास बसा. एकूण वीस ते बावीस तास धरायचे.

तरी मी स्वतः थांबूनच जातो. आठ-नऊ तासांनी पाय मोकळे होतात आणि तिकीट बहुधा स्वस्त पडतं. सलग सोळा तास एका खुर्चीत म्हणजे मला शिक्षा वाटते.

पूर्वभाग
आमचं मत हैदराबाद. सोलापूरच्या पूर्व भागातल्या (तेलुगू वस्तीच्या) निम्म्या घरांचे पाहुणे तिकडेच, त्यामुळे आमच्यासाठी तो प्रश्नच नाही. सोलापूर-हैदराबाद तीनशे किमी, हायवे चांगला, पाटणचेरूच्या तिथं आउटर रिंग रोड धरला की शहरात न शिरता थेट शमशाबादला विमानतळ. पहाटे निघालं की दुपारच्या आत पोच. मुंबईला रस्त्यानं जायचं तर चारशेच्या वर, त्यात पुणे, घाट, पनवेल, वाशी... कुठं अडकाल भरवसा नाही. हैदराबादहून लंडन, फ्रँकफर्ट, दोहा, दुबई सगळीकडे विमानं आहेत.

सातरस्ता
हैदराबादहून न्यूयॉर्कला सरळ विमान नाही ना पण. काकू-काका पहिल्यांदाच जाणार. परक्या विमानतळावर गेट शोधत फिरायचं, भाषेचा प्रश्न, त्यात पाठीला सामान. त्यांच्यासाठी सरळच बरं. टॉवेलवाले मालक दरवर्षी जातात, त्यांचं पाय मोकळे करणं वेगळं.

टॉवेलवाला
व्हीलचेअर मागा की! तिकीट काढतानाच कंपनीला सांगायचं. तो माणूस हात धरून एका गेटवरून दुसऱ्या गेटवर नेऊन बसवतो. चालता येत असलं तरी ज्येष्ठांना सांगायला लाज कसली.

पूर्वभाग
@सातरस्ता, भाषेचं म्हणाल तर हैदराबादच्या विमानात अर्धं विमान कुणाच्या ना कुणाच्या बाळंतपणालाच निघालेलं असतं. सोबत आपोआप मिळते. तेलुगू येत असेल तर जेवणाचा डबासुद्धा.

कडक_भाकरी
हे वाचून आमच्यात पुन्हा दोन तट पडले. मी सरळच्या बाजूनं, हे हैदराबादच्या. यांना खुर्चीत सोळा तास बसायची धास्ती आहे, शुगरही आहे. कुणी डॉक्टर आहे का इथं?

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
आहे. काकांच्या स्वतःच्या डॉक्टरांना भेटणं टाळू नका, मी सर्वसाधारण सांगतो.

विमान अकरा-बारा किमीवर असलं तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. निरोगी माणसाला काही होत नाही. दम्याचा, हृदयाचा जुना त्रास असेल तर आधी तपासणी. हवा फार कोरडी असते, म्हणून थोडं थोडं पाणी पीत राहायचं. लघवीला उठावं लागेल म्हणून पाणीच न पिणारे ज्येष्ठ मी बघितलेत, तसं करू नका. उठावं लागणं हाच तर औषधाचा भाग आहे.

सलग बसून पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. दीड-दोन तासांनी उठून मागपर्यंत एक फेरी, बसल्या बसल्या टाचा-चवडे हलवणं, कडेची सीट मागून घेणं. डॉक्टरांनी सांगितले तर घट्ट मोजे. थांबून गेलं तरी हे सगळं करायचंच आहे, कारण दुसरा टप्पाही आठ-नऊ तासांचा असतोच. दोहावरून गेलात तर तो चौदा तासांचा! म्हणजे सोळाची धास्ती आणि चौदा चालेल, असं झालं ते.

शुगर: गोळ्या, इन्सुलिन आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन खालच्या सामानात टाकू नका, तिथं गोठून निकामी होऊ शकतं. साडेदहा तासांच्या फरकानं डोसची वेळ कशी बदलायची, हे मनानं ठरवायचं नाही. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, भारतीय वेळ एका बाजूला, तिकडची दुसऱ्या बाजूला.

कंबर_तलाव
शेंगाचटणीचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. सोलापूरचा माणूस अमेरिकेला चालला म्हणजे दोन-तीन किलो चटणी आलीच. ती हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडरीसारखा पदार्थ हातात असेल तर तपासणीला अडवतात, काढूनही ठेवतात. चटणी, मेतकूट, डिंकलाडवाचं पीठ, सगळं खालच्या सामानात, नीट पॅक करून. उतरल्यावर कस्टमच्या फॉर्ममध्ये किंवा विचारल्यावर खाण्याचं सामान आहे असं सरळ सांगायचं. लपवलं तर दंड.

बे_काय_बोलतो
कडक भाकरी पण न्या काकू, आयडीला जागा. सोळा तास काय, सोळा दिवस टिकेल.

बाळीवेस_आजोबा
तुमचे तास वाचून गंमत वाटली. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनं चीनला निघाले, पाच डॉक्टरांचं पथक. हाँगकाँगच्या बाजूनं कँटन, तिथून युद्ध चालू असलेल्या मुलखातून आत आत. यानानला पोचेपर्यंत फेब्रुवारी १९३९ उजाडला. नकाशाप्रेमी, सोलापूर ते यानान किती होईल हो?

नकाशाप्रेमी
आजोबा, आत्ताच काढलं. सरळ रेषेत ३,९०० किमी. न्यूयॉर्कच्या एक तृतीयांशही नाही. ज्या शिजियाझ्वांगला त्यांचं स्मारक आहे ते थोडं पुढे, ४,४०० च्या आसपास.

बाळीवेस_आजोबा
चार हजारांच्या आत, आणि पाच महिने. १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच गेले, परत आलेच नाहीत. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात स्मारक आहे, तरुण मंडळींनी बघितलं नसेल तर बघा. चालू द्या तुमचं.

माळढोक
आजोबा, भारत-चीन सरळ विमानंही पाच वर्षं बंद होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझौ सुरू झालं. ग्वांगझौ म्हणजे तेच कँटन.

रेल्वेवेडा
विषयांतर पुरे, ताईंना मुंबई गाठायची आहे. विमानाचे साडेसोळा तास सगळे मोजताहेत, पण सोलापूरकराचा प्रवास आपल्या स्टेशनावर सुरू होतो. रात्री दीडचं विमान धरून सांगतो.

वंदे भारत सोलापूरहून सकाळी ६:०५ ला, दुपारी साडेबाराच्या सुमारास व्हीटी. दादरला उतरायचं. गुरुवारी ती सोलापूरहून सुटत नाही, तारीख बघा. विमानतळावर रात्री नऊला पोचायचं म्हटलं तरी हातात आठ तास मोकळे. मुंबईत कुणी नातेवाईक असेल तर जेवण, झोप, आंघोळ सगळं होतं. मी तर हेच सुचवीन. सिद्धेश्वरनं आदल्या रात्री निघालात तर पहाटे पोचून आख्खा दिवस काढावा लागेल. रात्रभर गाडी आणि पुढची रात्र विमान, दोन रात्री झोपेविना. साठीत नको.

सातरस्ता
आता सोलापूर-मुंबई विमान पण आहे की, ऑक्टोबर २०२५ पासून. हवेतून ३६० किमीच तर आहे, रेल्वेनं ४५५. तास-सव्वा तासात मुंबई.

रेल्वेवेडा
आहे, आणि मला आनंदच आहे. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या त्या चिमणीपायी किती वर्षं वाट बघितली आपण. २०२३ च्या जूनमध्ये पडली, २०२४ च्या सप्टेंबरात विमानतळाचं उद्घाटन, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं पहिलं विमान. पण ताईंसाठी दोन अडचणी. एक, देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान फुकट आणि अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. दोन्ही तिकिटं वेगळी काढली तर सोलापुरातच जादा सामानाचे पैसे मोजावे लागतील. दोन, वेगवेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. जायचंच तर आदल्या दिवशीचं घ्या.

आणखी एक. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर मुंबई कोणती आहे ते वाचा. रात्री अकराला कळून उपयोग नाही.

पूर्वभाग
बघा, वंदे भारत, दादर, नातेवाईक, आठ तास वाट. शेवटी घरापासून घरापर्यंत मोजलं तर हैदराबादवाले तुमच्या बरोबरच पोचतात.

सातरस्ता
मोजूया की. मुंबईमार्गे: सकाळी सहाला सोलापूर सोडलं, रात्री दीडला विमान, म्हणजे साडेएकोणीस तास. अधिक साडेसोळा. छत्तीस. त्यात आठ तास पाहुण्यांकडे आडवं पडणं. हैदराबादमार्गे: सहा तास रस्ता, तीन-चार तास आधी हजर, वर थांब्यासकट वीस-बावीस. तीस-बत्तीस. म्हणजे चार-सहा तास तुमचे वाचले हे कबूल. पण काकूंना विमान बदलावं लागत नाही, मी त्याला चार तास मोजतो.

पूर्वभाग
मी नाही मोजत. 😄

टॉवेलवाला
मीही नाही. पण काकूंनी मोजले तर चालेल.

कडक_भाकरी
तिकीट काढलं! मुंबईहून सरळ. डॉक्टरसाहेबांचं "सोळाची धास्ती आणि चौदा चालेल" हे वाक्य यांना वाचून दाखवलं, तिथंच निकाल लागला. ४ मार्चला सकाळी वंदे भारत (बुधवार आहे, बघून घेतलं), दादरला नणंदेकडे विसावा, रात्री विमानतळ. मुंबई म्हणजे जुनीच मुंबई, तेही वाचलं. कडेची सीट यांना, माझी त्यांच्या शेजारची. व्हीलचेअर दोघांना सांगितली. हे आधी नको म्हणत होते, मग म्हणाले तू बसणार असशील तर बसतो.

जावई विचारतात, न्यूयॉर्कचं केनेडी घेतलंत, नेवार्क का नाही?

नकाशाप्रेमी
अंतरात काही फरक पडत नाही, दोन्ही विमानतळ एकाच महानगराचे. एडिसनला नेवार्क बरंच जवळ पडतं, केनेडीहून यायला न्यूयॉर्क ओलांडावं लागतं. पण तुम्हाला सरळ विमान केनेडीचं मिळालं, तर एवढा त्रास जावयांनी सोसावा. सकाळी साडेसातला उतरून बाहेर यायला दीड-दोन तास जातील, तोवर कचेरीची गर्दीही ओसरेल.

कडक_भाकरी
सांगते त्यांना, फोरमचा निर्णय आहे म्हणून. आणि ऑगस्टमध्ये दुपारी साडेबाराला मुंबईत उतरल्यावर त्याच दिवशी सोलापूर होईल का?

रेल्वेवेडा
वंदे भारत व्हीटीहून ४:०५ ला, सोलापूर रात्री १०:४०. बुधवारी नसते. साडेबाराला विमान टेकलं, सामान-कस्टम करून दोनला बाहेर आलात, तर दादर गाठायला वेळ आहे, पण ऑगस्ट आहे, मुंबईचा पाऊस आहे. मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. सिद्धेश्वर रात्री साडेदहाच्या पुढे सुटते, तिचं आरक्षण करून ठेवा. संध्याकाळ नणंदेकडे, रात्री गाडीत झोप, सकाळी सातच्या आत सोलापूर. तिचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा जूनमध्ये मला इथंच आठवण करा.